घुमटीची जागा

माणूस अंथरुणात मेला तर त्याचा आत्मा पाद्र्याच्या ताब्यात जातो आणि रस्त्यात रक्त सांडून मेला तर तो रस्त्याच्याच ताब्यात राहतो, असा या खोऱ्याचा जुना कायदा आहे. ट्रक उलटून गेलेला ड्रायव्हर असो, नाहीतर लग्नाच्या पंगतीत पोटात सुरा खाऊन गेलेला पाहुणा असो, जिथं रक्त सांडलं तिथंच त्याला घर बांधून द्यायचं. विटांचं, पत्र्याचं, जे हाताला लागेल त्याचं. गुडघ्याएवढी घुमटी, वर क्रूस, आत मेणबत्ती. मग तो आत्मा तिथं राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची कामं करतो. हरवलेली शेळी शोधून देतो, परीक्षेत पास करतो, नवऱ्याची दारू सोडवतो. जिवंतपणी ज्याला भाड्याची खोली मिळाली नाही, त्याला मेल्यावर हमरस्त्यालगत स्वतःचं घर मिळतं आणि वर कायमची नोकरी. चिलीत सरकारं पुष्कळ आली नि गेली, पण या कायद्याला कुणी हात लावला नाही.

एदुविना कार्वाहालनं आपल्या मुलाची घुमटी बांधली ती मात्र बसथांब्यावर. आणि तिथं तर रक्ताचा थेंबसुद्धा सांडला नव्हता.

तिथून त्याला नेलं होतं, इतकंच. लष्करानं राज्य घेतलं त्या वसंतात नोल्बेर्तो हातात डबा घेऊन खाणीच्या बसची वाट पाहत होता. जीप आली. दोन सैनिक उतरले, "जरा येतोस का आमच्याबरोबर?" म्हणाले, आणि तो गेला. रांगेतल्या माणसाकडे त्यानं डबा दिला, आईला परत दे म्हणून. डबा परत आला.

त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे, हे त्याचं लहानपणापासूनचं दुखणं होतं. गिटार मागितली, दिली. ती तारांशिवाय परत आली. सायकल मागितली, दिली. ती आलीच नाही. एकदा तर तो पायांत नुसते मोजे घालून घरी आला होता, कारण चुलतभावाला मुलगी बघायला जायचं होतं. खाणीच्या युनियनला सेक्रेटरी हवा होता तेव्हा शहाण्या माणसांनी एकेक करून पोटदुखी, पाठदुखी, सासूचं आजारपण पुढं केलं. नोल्बेर्तो म्हणाला, "आई, त्यांना कुणीच मिळत नव्हतं गं." पोलीस सार्जंट ओगाल्देला मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप हवा होता, आणि पोलिसाशी जन्माचं नातं जोडायला गावात कुणी राजी नव्हतं, तेव्हा ते पोरही यानंच हातांवर घेतलं. रोसाल्बा तिचं नाव. नोल्बेर्तोनं तिला लाकडी घोडा करून दिला होता. घोड्याचे पाय लहानमोठे झाले होते, पण पोरीची तक्रार नव्हती.

त्याला नेलं तेव्हापासून दर महिन्याला एदुविना जिल्ह्याच्या गावी छावणीच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. खिडकीमागे बारीक मिशीचा एक कारकून असे. अत्यंत सभ्य माणूस. इतर बायका सांगत की दुसऱ्या खिडकीवरचा ओरडतो. हा कधीच ओरडला नाही. तो म्हणायचा, "बाई, अशा नावाचा कुणी आमच्याकडे आलेलाच नाही. तरुण माणूस आहे. एखाद्या बाईबरोबर पर्वत ओलांडून अर्जेंटिनात गेला असेल." पहिल्या वर्षी ती नुसतीच बाई होती. दुसऱ्या वर्षी ती केस कापणारी झाली. पुढं एदुविनाला एक नातू झाला, मग एक नात. कारकुनाचा स्वभाव मुळात प्रेमळ, हातात अधिकार नव्हता, तेव्हा जे देता येईल ते तो देत होता.

पाचव्या हिवाळ्यात तिसरं नातवंड झालं. एदुविनानं त्याचे आभार मानले, बस पकडून घरी आली, पाव भाजायच्या भट्टीच्या उरलेल्या विटा हातगाडीवर घातल्या आणि बसथांब्यावर जाऊन चुना कालवायला बसली.

थांब्याला लागूनच एर्मिनियाची टपरी. वर्तमानपत्रं, सिगरेटी, गोळ्या आणि मत, या चार गोष्टी तिथं मिळत, शेवटची फुकट.

"अगं, कुणाची बांधतेस?" एर्मिनियानं विचारलं.

"नोल्बेर्तोची."

"म्हणजे तो गेला, असं म्हणतेस तू?"

"मी कुठं काय म्हणतेय. मी विटा रचतेय."

"पण इथं रक्त कुठं सांडलंय? इथून तो आपल्या पायांनी गेला. याच स्टुलावर बसून पाहिलंय मी."

"मग कुठं सांडलं ते सांग. तिथं बांधते."

एर्मिनियानं गोळ्यांच्या बरण्या पुसायला घेतल्या. मग म्हणाली, "क्रूस डावीकडं कललाय."

दुसऱ्या दिवशी सार्जंट ओगाल्दे आला. लिओपोल्दो त्याचं नाव. पण एदुविनानं त्याला नाक वाहत असल्यापासून पाहिलेलं, त्यामुळं तिच्या लेखी तो पोल्दोच.

"मावशी, हे काढायला लागेल."

"का रे, पोल्दो?"

"घुमटी मेलेल्या माणसाची असते. नोल्बेर्तो मेल्याचं कुठंच नाही. सरकार म्हणतं तो अर्जेंटिनात आहे."

"मग येऊ दे की. त्याची घुमटी तो स्वतः पाडेल. मी चहा करते दोघांना."

ओगाल्देनं घुमटीतल्या नोल्बेर्तोच्या फोटोकडे पाहिलं. हात आपसूक टोपीकडे गेला, टोपी निघालीसुद्धा. मग आपण गणवेशात आहोत हे आठवून त्यानं ती परत घातली. "मी सांगितलं हं, मावशी," तो म्हणाला. "सांगायचं काम होतं, ते झालं."

पण गावात कॅप्टन बास्कुन्यान नावाचे नवे पोलीस अधिकारी आले होते. राजधानीतले, सकाळी धावायला जाणारे, नव्या विचारांचे. देशाची प्रगती अंधश्रद्धेमुळं अडली आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी घुमटी पाडायचा हुकूम दिला. ओगाल्देनं तो हवालदाराला दिला. हवालदाराची कंबर धरली. त्यानं तो नगरपालिकेच्या मातीकाम यंत्राच्या ड्रायव्हरला दिला. त्याची आई अत्यवस्थ झाली, त्या वर्षात तिसऱ्यांदा. घुमटी पाडणाऱ्याचं सात पिढ्या भलं होत नाही, हे कॅप्टनसाहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी साहेब स्वतः हातोडा घेऊन आले. बसची रांग उभी होती. सगळ्यांनी टोप्या काढल्या. साहेबांनी हातोडा उचलला, रांगेकडे पाहिलं, हातोडा खाली ठेवला आणि या प्रश्नाची कायदेशीर बाजू तपासावी लागेल असं म्हणून परत फिरले. वळणावर त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकांचा दांडा तुटला. त्यानंतर प्रश्न विचाराधीन राहिला, आणि साहेबांच्या बायकोनं मोलकरणीच्या हाती मेणबत्ती पाठवली.

झालं. गाडीचा दांडा मोडणारा आत्मा म्हणजे साधासुधा नव्हे. लोक येऊ लागले. एकीची शेळी सापडली, एकाची नोकरी टिकली, न्हाव्याचा घोडा शर्यतीत पहिला आला. थोड्याच दिवसांत छावणीतल्यांच्या बायका गावकऱ्यांपेक्षा जास्त दिसू लागल्या. नवऱ्याची बढती, नवऱ्याची बदली, नवऱ्याला रात्री झोप येत नाही म्हणून. जिथून नेलं तिथंच मागायला येतात, असं एर्मिनिया दात खाऊन म्हणायची आणि त्यांना मेणबत्त्या जरा महाग विकायची.

एदुविना सोमवारी येई. सोमवार हा आत्म्यांचा वार. ती सांडलेलं मेण खरवडायची, पाणी ठेवायची आणि विणकाम घेऊन बसून राहायची. येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा नीट बघायची. यातल्या कुणाला तरी माहीत आहे, आणि ज्याला माहीत आहे तो आज ना उद्या इथं येणार, एवढाच तिचा हिशोब होता. चमत्कार तिला नको होता. हाडं हवी होती. कुठल्या का मातीत असेनात, ती माती कोणती हे कळायला हवं होतं. बाकी ती बघून घेणार होती.

त्या उन्हाळ्यात रोसाल्बा आजारी पडली. आधी ताप, मग सांधे सुजले, मग छातीत धडधड. शहरातल्या डॉक्टरनं औषध दिलं आणि प्रार्थनाही करा म्हणाला, त्यावरून काय ते समजायचं. ओगाल्देची बायको नेलिदा भर दुपारी, सगळ्या गावादेखत बसथांब्यावर येऊन गुडघ्यांवर बसली. मेणबत्त्या झाल्या, नवस झाले. पोरीच्या बाहुलीचे केस कापून वाहून झाले. ताप हटेना.

एका संध्याकाळी ओगाल्दे टपरीवर सिगरेट घ्यायला आला. एदुविना तिथंच स्टुलावर बसून मोज्याची टाच विणत होती.

"बाकी सगळ्यांचं ऐकतो," तो घुमटीकडे न बघता म्हणाला. "त्या न्हाव्याच्या घोड्याचंसुद्धा ऐकलं. आणि स्वतःच्या धर्मलेकीचं ऐकत नाही म्हणजे काय?"

"ऐकेल कुठून?" एर्मिनिया म्हणाली. "घर इथं नि माणूस भलतीकडं. रक्त सांडलं तिथं घुमटी पाहिजे, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. घोडाबिडा ठीक आहे रे, ती किरकोळ कामं. पोरीच्या जिवाचं काम मोठं. त्यासाठी त्यानं काय बसनं यायचं? आणि बस तरी कुठं वेळेवर येते?"

ओगाल्दे हसला नाही. त्यानं सिगरेट उलट्या बाजूनं पेटवली.

"असं असतं का, मावशी?"

"मला काय माहीत बाबा," एदुविना सुईवरून नजर न उचलता म्हणाली. "मी घर बांधलं. पत्ता मला कुणी दिलाच नाही."

तो गेला तेव्हा टोपी टपरीच्या फळीवरच राहिली. एर्मिनियानं ती उचलून आतून हुंगली आणि म्हणाली, "घाबरलेल्या माणसाच्या टोपीला वेगळाच वास येतो." तिला जे वाटत होतं ते एदुविनालाही वाटलं असावं. या खोऱ्यात त्या काळी वाटणं वेगळं आणि बोलणं वेगळं ठेवायची सवय लोकांच्या अंगवळणी पडली होती.

पुढच्या सोमवारी एदुविना बसथांब्यावर आली तर घुमटी नव्हती. जमिनीवर चौकोनी ओरखडा तेवढा होता. कॅप्टननं शेवटी डाव साधला, असं तिला वाटलं. ती तशीच उन्हात उभी राहिली. एर्मिनियानं तिला स्टुलावर बसवलं, साखरपाणी दिलं आणि कॅप्टनच्या सात पिढ्यांची व्यवस्था स्वतःच्या तोंडानं लावली.

मग डोंगरावरून शेळ्या घेऊन उतरणारा म्हातारा हेरेमियास म्हणाला, "तुमची घुमटी वर जुन्या भट्टीपाशी का नेली हो? तिकडं तर कुत्रंही जात नाही."

जुनी भट्टी म्हणजे तांब्याची. आजोबांच्या काळात बंद पडलेली. आता नुसतं धुराडं आणि तांबं गाळून उरलेल्या काळ्या खंगरांचे ढीग. ढिगांमागे कोरडा ओढा आणि काठावर एकच पिमिएंतोचं झाड, मिरीसारख्या लाल दाण्यांचे घोस लटकवून उभं. झाडाखाली घुमटी होती. दोघी म्हाताऱ्यांनी काही विचार केला नाही. नजरेआड फेकून दिली, हरामखोरांनी, एवढंच डोक्यात. फळीवरून हातगाडीवर ओढून, धापा टाकत, दर वळणावर थांबत त्यांनी ती खाली आणली आणि जागच्या जागी ठेवली.

दोन सकाळी गेल्या. तिसऱ्या सकाळी घुमटी पुन्हा नव्हती.

या वेळी एदुविना एकटीच वर गेली. घुमटी त्याच झाडाखाली होती, त्याच जागी. पण आता तळाशी सिमेंट होतं, अजून ओलसर. चारी बाजूंनी ओढ्यातले गोटे रचलेले. तोंड उगवतीकडे केलेलं, जसं करायचं असतं. कललेला क्रूस कुणीतरी सरळ केला होता. आत नोल्बेर्तोचा फोटो पुसून ठेवलेला, आणि पुढं मेणबत्त्यांची रांग, वाऱ्यानं विझू नयेत म्हणून प्रत्येकीभोवती डबा कापून आडोसा केलेला.

एदुविना गोट्यावर बसली. फेकून देणारा माणूस सिमेंट कालवत नाही. मेणबत्तीला आडोसा करत नाही. आणि हा सगळा ओढा मोकळा पडलेला असताना दोन्ही वेळा बरोबर याच वितीवर आणून ठेवत नाही.

वारा सुटला होता. झाडाचे लाल दाणे घुमटीच्या छपरावर टपटप पडत होते. ती रडली नाही. रडायला पाच वर्षं मिळाली होती. तिनं फक्त पायांतली चप्पल काढली, कारण आपण कशावर पाय ठेवून बसलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं.

खाली आल्यावर तिनं एर्मिनियाला सांगितलं. सगळं नाही, "जागा तीच आहे," एवढंच. एर्मिनियानं टपरीची फळी खाली ओढली, भर दिवसा, आणि दोघी आत अंधारात हात धरून बसल्या. बाहेर कुणीतरी सिगरेट मागत होतं. "मेली ती," एर्मिनिया आतून ओरडली. "उद्या या."

घुमटीपुढं फुलझाडं लावायची रीतच आहे, त्यामुळं पुढच्या सोमवारी एदुविना जिरेनियमच्या कुंड्या आणि मोठा लोखंडी डाव घेऊन वर गेली, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. वाटेत पोलिसांची गाडी भेटली. हवालदारानं तिच्या कुंड्या उचलून वरपर्यंत नेऊन दिल्या आणि कंबर आता बरी आहे असं सांगितलं. तो गेल्यावर ती खणायला बसली. डावानं, हळूहळू, भात हलवताना खालचा करपलेला थर वर येऊ नये म्हणून जपावं तसं. माती वरून कडक आणि खाली भुसभुशीत होती. एकदा उकरलेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, हे शेतावरच्या कुणालाही ठाऊक असतं.

कोपरभर खाली लोकर लागली. तपकिरी मोजा. टाच हिरव्या लोकरीनं रफू केलेली. त्या वर्षी तपकिरी लोकर मिळत नव्हती, आणि नोल्बेर्तो म्हणाला होता, "बुटाच्या आत कोण बघतंय आई?" मोज्यात पाय होता. पायांत बूट नव्हते. ते कुणीतरी मागितले असतील.

एदुविनानं मोज्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग घरून आणलेली शाल, जी ती थंडी वाजेल म्हणून आणल्याचं स्वतःला सांगत होती, ती पसरली, नीट खोचली आणि माती परत लोटली. वर जिरेनियम लावले. पाणी घातलं.

"पाद्र्याला सांगायचं?" एर्मिनियानं विचारलं. "की त्या राजधानीतल्या वकिलाला? तो अशी प्रकरणं घेतो म्हणतात."

"दक्षिणेकडं एका गावात बायकांनी असंच शोधून काढलं," एदुविना म्हणाली. "खिडकीवर भेटली होती त्यातली एक. वकील यायच्या आत लष्कराचं यंत्र आलं. रात्रीत उकरून, पोत्यांत भरून समुद्रात. आता तिच्याकडं खड्डा आहे नुसता."

"मग?"

"मग काही नाही. तो तिथं आहे हे त्यांना कळलं की तो तिथं राहणार नाही. म्हणून मला काही माहीत नाही."

"आणि खिडकी?"

"जायला पाहिजे. शोधायचं थांबवलं तर म्हणतील, हिला सापडला वाटतं."

म्हणून एदुविना मुलगा सापडल्यावरसुद्धा दर महिन्याला त्याला शोधायला जाऊ लागली. आधी ती खिडकीपुढं कधी रडली नव्हती. आता रडावं लागायचं. एर्मिनियानं टपरीत तालीम घेतली. "अगं, ओठ नको थरथरवूस, नाटकी दिसतं. नुसती खाली बघ आणि रुमाल शोध, सापडू देऊ नकोस." कारकून विरघळून जायचा.

इकडं कॅप्टनसाहेबही खूश होते. घुमटी हमरस्त्यावरून दिसत नव्हती. "संबंधित बांधकाम स्थानिक लोकांनी स्वखुशीनं हलवलं," असं त्यांनी वर कळवलं आणि ते खरंही होतं. स्थानिक माणूसच होता.

पानगळ लागली तेव्हा रोसाल्बाचा ताप उतरला. त्याच आठवड्यात एका दुपारी ओगाल्दे एदुविनाच्या पाव विकायच्या खिडकीशी आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं.

"पोरगी काल अंगणात उड्या मारत होती, मावशी."

"ऐकलं मी."

"डॉक्टर म्हणतो औषध लागू पडलं. नेलिदा म्हणते, त्यानं ऐकलं."

एदुविना पाव कागदात बांधत होती.

"घुमटी तिकडं बरी आहे ना?" त्यानं विचारलं.

"सावली चांगली आहे. वारा जरा जास्त."

"कुणी नेली कोण जाणे."

"वाऱ्यानंच नेली असेल. सिमेंटही त्यानंच कालवलं असेल."

ओगाल्देनं रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग तो खिडकीच्या चौकटीवर दोन्ही हात ठेवून, चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला जाळीपुढं वाकतात तसा वाकला.

"मी फक्त कंदील धरला होता, मावशी."

एदुविनाच्या हातातला दोरा थांबला. भट्टीतून पावाचा वास येत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर तो करपला असता.

"मग तोंड नीट दिसलं असेल तुला त्याचं," ती म्हणाली.

"दिसलं."

"काही बोलला?"

"म्हणाला, पोल्दो, पोरीचा खोकला थांबला का?"

"तू काय सांगितलंस?"

"थांबला म्हणालो."

"थांबला होता?"

"नाही."

एदुविना उठली, भट्टीतून पाव काढले, फडक्यावर मांडले, परत येऊन बसली. तेवढा वेळ ओगाल्दे चौकटीवर हात ठेवून तसाच उभा होता. त्याच्या बोटांना पीठ लागलं होतं.

"त्यानं मला माफ केलं असेल ना?" तो म्हणाला. "पोरीचं ऐकलं म्हणजे..."

"पोल्दो, त्याला नाही म्हणता यायचं नाही. जन्मभर नाही आलं. मेल्यावर कुठून येणार? त्याला माफी समजून घरी नेऊ नकोस." तिनं गाठ मारली. "मला येतं."

"काय?"

"नाही म्हणता."

ओगाल्देनं मान हलवली. चौकटीवरचे हात मागं घेतले. एदुविनानं पाव खिडकीतून पुढं सरकवला. "हा रोसाल्बाला आहे," ती म्हणाली. "काखेत काय आहे?"

त्यानं कागद सोडला. नवस फेडायची पितळी पाटी होती, सगळे लावतात तशी. 'मिळालेल्या कृपेबद्दल आभार. ओ.'

एदुविनानं ती हातात घेऊन उजेडात धरली. एर्मिनिया किराणा घेताना वजनकाट्याकडं बघते तशी तिनं त्या पाटीकडं पाहिलं.

"नुसतं ओ. काय?" ती म्हणाली. "गावात ओ. पंधरा निघतील. उद्या तो न्हावी म्हणेल माझीच. आत्म्याशी व्यवहार असा लपूनछपून करतात का? पोर बरी झाली ना? मग पूर्ण नाव घाल. हुद्दा घाल. दलाचं नाव घाल."

"मावशी..."

"पोरीसाठी म्हणतेय मी. अर्ध्या नावानं फेडलेला नवस उलटतो, हे काय मी तुला सांगायचं?"

असा काही नियम या खोऱ्यात कधीच नव्हता. पण ओगाल्दे घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला नियम कुणीही सांगावा. तो पाटी घेऊन गेला.

पुढच्या सोमवारी एदुविना वर गेली तेव्हा नवी पाटी बसवलेली होती, मोठी, चार खिळ्यांची. 'माझी मुलगी रोसाल्बा हिच्या जिवाबद्दल नोल्बेर्तो कार्वाहालचे आभार. सार्जंट लिओपोल्दो ओगाल्दे, पोलीस दल.' त्या दिवसापासून त्या जागेला कुणी बोट लावणं शक्य नव्हतं. छावणीतले लोकसुद्धा जाताना टोपी काढत. वरच्या माणसाचं नाव असलेल्या वस्तूला हात लावू नये, हे त्यांना आत्म्यांच्या कायद्यापेक्षाही पक्कं ठाऊक होतं. कॅप्टनसाहेब एकदा धावत धावत तिथवर आले, पाटी वाचली आणि आपल्या दलात श्रद्धेची भावना आहे याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं.

पितळ त्या कोरड्या वाऱ्यात लवकर काळवंडतं. एदुविनानं ती जबाबदारी आपल्याकडे घेतली. दर सोमवारी ती लिंबाची फोड आणि भट्टीतली राख घेऊन वर जाते. आधी जिरेनियमला पाणी, मग मेणबत्ती, मग त्याच्याशी थोडं बोलणं: एर्मिनिया काय म्हणाली, पीठ कसलं आलंय, रोसाल्बा केवढी झाली. मग ती गुडघ्यांवर बसून पाटी घासते. 'आभार' आणि 'जिवाबद्दल' यांवरून हात नुसता फिरवते. नावावर आणि हुद्द्यावर मात्र जोर लावते, काडीनं अक्षरांच्या खाचांतली माती काढते, एकेक रेघ लख्ख करते. कधी ना कधी कुणीतरी ते वाचायला येईल, आणि त्या दिवशी एकही अक्षर पुसट असता कामा नये.

गेल्या महिन्यात कारकुनानं चौथं नातवंड दिलं. मुलगा.

"कुणावर गेलाय हो?" एदुविनानं रुमाल शोधत विचारलं.

"बापावर," कारकून मायेनं म्हणाला. "अगदी बापावर."

"मग अवघड आहे," ती म्हणाली, आणि परतीची बस पकडायला निघाली, कारण घरात लिंबं संपली होती आणि सोमवार जवळ आला होता.